घरचा पैसा आणि मुलांची उद्याची कमाई: शिरोलीच्या एका बापाला उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. ओव्हरटाइम धरून महिन्याला १९ हजारांच्या आसपास हातात पडतात. घर हातकणंगले तालुक्यात. दारात एक म्हैस आहे, दूध गावच्या डेअरीला जातं, बिल बायकोच्या नावावर. मुलगी आठवीत, मुलगा दीड वर्षाचा. आधीची कंपनी बंद पडली होती, तिचा हिशोब आता मिळाला, दीड लाख रुपये. ते लिहितात: 'गरिबाचं पोर गरीबच राहतं हे संशोधनानं सिद्ध झालंय म्हणे. खरं असेल तर आम्ही काय करायचं? मुलाच्या नावानं पॉलिसी काढू, का त्याला इंग्लिश मिडियमला घालायला पैसे ठेवू?'

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि त्याच्या जोडीनं बरीच वर्षं एका विद्यार्थी साहाय्य निधीसाठी अर्जांची घरोघर जाऊन पडताळणी केली. खालचं उत्तर या दोन्ही कामांतून आलं आहे. प्रश्नात मुलीबद्दल काहीच विचारलेलं नाही, पण मला तिच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे. तिथं शेवटी येते.

आधी संशोधन काय म्हणतं ते. अर्थशास्त्रज्ञ साधारण असं मोजतात: एका बापाचं उत्पन्न दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी जास्त असेल, तर मोठेपणी त्यांच्या मुलांच्या कमाईत सरासरी किती टक्क्यांचा फरक उरतो? माइल्स कोरॅक या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञानं देशोदेशीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. डेन्मार्कमध्ये हा फरक दीड टक्क्याच्या आसपास उरतो, कॅनडात दोनच्या जवळ, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पाचच्या जवळ. म्हणजे बापाच्या कमाईची सावली सगळीकडे पडते, पण कुठं किती लांब पडेल हे तो देश शाळा, दवाखाने आणि कर कसे चालवतो यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या अमेरिकेतसुद्धा हेच दिसतं. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की तळातल्या एक पंचमांश घरांत वाढलेली मुलं वरच्या एक पंचमांशात पोचण्याचं प्रमाण शार्लट शहरात ४.४ टक्के आहे आणि सॅन होजेत १२.९ टक्के. देश तोच, गरिबी तीच, फरक तिपटीचा.

हा आकडा मोजण्यातली एक गंमत सांगते, कारण ती तुमच्या पगाराला थेट लागू आहे. अमेरिकेत पूर्वी हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास धरला जायचा आणि 'आमच्याकडं कुणीही वर जाऊ शकतं' असं म्हटलं जायचं. १९९२ मध्ये गॅरी सोलन यांनी बापाच्या एकाच वर्षाच्या उत्पन्नाऐवजी अनेक वर्षांची सरासरी घेतली आणि आकडा एकदम चारच्या वर गेला. एका वर्षाचं उत्पन्न फसवं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरलेल्या एखाद्या दुकानदाराचं त्या वर्षाचं उत्पन्न लिहून घेतलं असतं तर तो कायमचा गरीब ठरला असता. दिवाळीआधी भरपूर ओव्हरटाइम लागलेल्या कामगाराचे तेवढेच महिने धरले तर तो सुखवस्तू ठरतो. मुलावर परिणाम करतं ते वर्षानुवर्षं घरात येत राहिलेलं उत्पन्न. आपल्याकडं बाप आणि मुलगा दोघांची कमाई जोडून पाहता येईल अशी करांची नोंद नाही, म्हणून भारतात बहुतेक अभ्यास शिक्षणावरून होतात. सॅम अ‍ॅशर, पॉल नोव्होसॅड आणि चार्ली रॅफकिन यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की १९५० च्या दशकात जन्मलेल्यांपासून १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपर्यंत तळातून वर सरकण्याची शक्यता देशभरात एकूण फारशी बदललेली नाही. अनुसूचित जाती-जमातींची वाढली, मुसलमानांची घटली, आणि बेरीज जवळपास तिथंच राहिली. म्हणजे तुम्ही ऐकलंत त्यात तथ्य आहे. पण 'गरीबच राहतं' हे वाक्य यातल्या कुठल्याच अभ्यासातून निघत नाही.

आता खरा प्रश्न. हा परिणाम पैशाचा, की पैशाबरोबर घरात असणाऱ्या बाकी गोष्टींचा? कोरियातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांचा ब्रूस सॅसरडोट यांनी अभ्यास केला. कुठलं मूल कुठल्या घरी जाईल हे तिथं जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं. या मुलांच्या मोठेपणीच्या कमाईचा दत्तक आईबापांच्या उत्पन्नाशी फारसा संबंध दिसला नाही. लगेच निष्कर्ष काढू नका. दत्तक घेणारी ही सगळी घरं मुळात खाऊनपिऊन सुखी होती.

दुसरी नोंद याच्या शेजारी ठेवा. नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी आदिवासींच्या जमातीनं १९९० च्या दशकात कॅसिनो काढला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक प्रौढाला मिळू लागला, वर्षाला ४ हजार डॉलरच्या आसपास. कुणी काम करो न करो, पैसे सगळ्यांना. आधी गरीब असलेल्या घरांतली मुलं २१ व्या वर्षापर्यंत सरासरी एक वर्ष जास्त शिकली, आणि सोळा-सतराव्या वर्षी गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण कमी झालं. आधीच बऱ्या असलेल्या घरांत असा फरक पडला नाही. आईबापांचं मुलांकडं लक्ष वाढलं, घरातले संबंध सुधारले, असंही संशोधकांना आढळलं. घरभेटी केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. पहिल्या आठवड्यात किराण्याची उधारी भागवून उरलेला महिना ढकलणाऱ्या घरात मुलानं वहीचे पैसे मागितले की भांडण होतं, आणि ते वहीवरून नसतं.

तेव्हा माझं उत्तर असं की पैसा सगळ्या वयांत आणि सगळ्या घरांत सारखा लागू पडत नाही. तो काही ठरावीक जागी फार लागतो, आणि तुमच्या घरात अशा जागा तीन आहेत.

पहिली तुमचा दीड वर्षाचा मुलगा. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ दरम्यान काही खेड्यांत लहान मुलांना प्रथिनं असलेली पेज दिली गेली, शेजारच्या खेड्यांत साधं गोड सरबत. पुढं ही मुलं कमावती झाल्यावर त्यांना शोधून काढलं. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांनंतर ज्यांना पेज मिळायला लागली त्यांच्यात हा फरक नव्हता. जमैकात वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका जायची आणि आईला मुलाशी कसं बोलायचं, घरातल्याच वस्तूंनी कसं खेळवायचं ते दाखवायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. अमेरिकेत ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांना दिसलं की वर्षाला २५ हजार डॉलरच्या आत कमावणाऱ्या घरात मूल पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी ३ हजार डॉलर जास्त येत असतील, तर मोठेपणी त्या मुलाची कमाई १७ टक्क्यांनी जास्त असते. मूल मोठं झाल्यावर आलेल्या पैशाचा असा परिणाम दिसत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतच गरीब आयांना मूल जन्मल्यापासून दरमहा ३३३ डॉलर देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि चौथ्या वर्षापर्यंतच्या चाचण्यांत मुलांच्या भाषेत किंवा आकलनात ठळक फरक दिसला नाही. मी त्याचा अर्थ असा घेते की पैसा घरात आला म्हणून तो आपोआप मुलाच्या अंगी लागत नाही. कशावर खर्च झाला, आईला वेळ मिळाला का, हेही लागतं.

म्हणून पॉलिसीचं आधी मिटवते. काढू नका. वीस वर्षांनी मिळणाऱ्या रकमेसाठी आज हप्ता भरायचा आणि त्यापायी मुलाच्या ताटातलं कमी करायचं, हा व्यवहार उलटा आहे. अशा पॉलिसीत पहिल्या वर्षातच हप्ते थकले तर भरलेलंही पूर्ण परत येत नाही. विमा हवा तो कमावत्या माणसाचा, म्हणजे तुमचा. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण बँक खात्यातूनच मिळतं, ते आधी घ्या. आणि वहिनींना विचारा, म्हशीचं दूध सगळंच डेअरीला जातं का? मी गेलेल्या कितीतरी घरांत दारात म्हैस होती आणि लहान मूल चहात भाकरी बुडवून खात होतं, कारण घातलेल्या प्रत्येक लिटरचं बिल होतं. मुलाची वाटी आधी बाजूला काढा, मग कॅन भरा. त्याबरोबर अंडं, डाळ, पालेभाजी. अंगणवाडीत त्याचं वजन आणि उंची वेळच्या वेळी घेतली जाते का ते पाहा आणि तिथून मिळणारा आहार आणा. जमैकातल्या त्या कार्यक्रमाला खेळणी विकत आणावी लागली नव्हती. डबे-झाकणं, बोलणं, गाणी यांवरच ते चाललं.

दुसरी जागा म्हणजे घरात पैसा येण्याचा नेम. यावर लिहिलं कमी जातं, पण पडताळणीला गेल्यावर मला हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी पडायचा: पैसे केव्हा येतात आणि कुणाच्या हातात येतात? आपल्या जिल्ह्यात याची दोन टोकं शेजारी शेजारी नांदतात. कायद्यानं ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे मिळायला हवेत. ते कधी मिळतात आणि त्यासाठी किती आंदोलनं होतात हे तुम्हाला माहीत आहे. मिळतात तेव्हा विकास सोसायटीचं कर्ज परस्पर वळतं होऊन उरलेली रक्कम एकरकमी बापाच्या खात्यात येते. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, लहान असतं, आणि पुष्कळदा बाईच्या हातात पडतं. वर्षाची बेरीज केली तर ऊसवाल्याचं घर वरचढ ठरेल. पण जूनमध्ये दप्तर, युनिफॉर्म, पासाचे पैसे यांवर न अडणारं घर माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दूधवालं निघालं. कुणाच्या हातात पैसा पडतो यानं काय होतं, याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेतून आला आहे. तिथं वृद्धांचं पेन्शन वाढलं तेव्हा एस्थर डुफ्लो यांना दिसलं की आजीच्या हातात पेन्शन पडलं तिथं नातींची वाढ सुधारली, आजोबांच्या हातात पडलं तिथं नाही. वहिनींच्या नावावरचं ते बिल त्यांच्याकडंच राहू द्या.

नेम मोडतो तो आजारपणानं, अपघातानं, पुरानं, कारखाना बंद पडल्यानं. मुलाची शाळा सुटण्याची कारणं विचारली की लोक 'परिस्थिती' म्हणतात. खोदून विचारलं की एक विशिष्ट महिना निघतो, त्या महिन्यात बाप घरी बसलेला असतो. तुमच्या कामात भाजणं, चिरडणं नवीन नाही. तुमचा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआय, कामगारांची सरकारी विमा योजना, तुम्हाला लागू असणार. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. तुम्ही कंपनीच्या हजेरीवर आहात का ठेकेदाराच्या, हे मला माहीत नाही. ठेकेदाराचे असाल तर कपात होते पण भरणा होत नाही असं घडतं, तेव्हा स्वतःच्या विमा क्रमांकावर भरणा दिसतो का ते याच आठवड्यात तपासा. शिक्षणाच्या प्रश्नाला ईएसआयचं उत्तर देतेय हे विचित्र वाटेल, पण दहावी-अकरावीतल्या पोराला कामाला लावण्याची वेळ येऊ न देण्यात या कार्डाइतकं उपयोगी फार कमी काही आहे.

तिसरी जागा मुलीची.

पैशाचा आणि पुढच्या कमाईचा सगळ्यात मोठा धागा मला ज्यात दिसतो ती गोष्ट म्हणजे थांबण्याची ऐपत. सोळाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत मुलांसमोर जे फाटे येतात, त्यांत जास्त कमाईचा रस्ता जवळजवळ नेहमीच आधी थांबायला लावणारा असतो. दहावी झालेला मुलगा ठेकेदाराकडं फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) लागला तर पुढच्याच महिन्यात पगार आणतो. तोच कळंब्याच्या आयटीआयला गेला, मग अप्रेंटिसशिप केली, तर ती वर्षं हातात थोडेच पैसे पडतात. पण पुढं तो मशिन शॉपला किंवा क्वालिटीला जातो, आणि दहा वर्षांनी ग्राइंडर धरलेला आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशिन) चालवणारा यांच्या पगारात केवढं अंतर पडतं हे तुम्ही रोज बघता. सीईटीत मार्क कमी पडले तर बऱ्या घरातली मुलगी एक वर्ष पुन्हा बसते, कमी उत्पन्नाच्या घरातली मिळेल त्या कॉलेजात मिळेल त्या शाखेला जाते. पहिली नोकरी तशीच. पुण्यात दोन महिने खोलीचं भाडं भरून मुलाखती देता येणारा आणि उद्यापासून ये म्हणणाऱ्याकडं जावं लागणारा, दोघांची डिग्री एक असली तरी सुरुवात एक नसते, आणि पहिल्या पगाराचा आकडा पुढच्या पगारांना चिकटून राहतो. (थांबण्याची ऐपत जास्त झाली तर तिचंही मातेरं होतं. अभ्यासिकेत तिशी गाठणारी, एमपीएससीची 'पुढची अटेम्प्ट' म्हणणारी पोरं बहुतेक खाऊनपिऊन बऱ्या घरचीच असतात. तो वेगळा विषय.)

घराकडं ही ऐपत नसेल तर ती दुसऱ्या कुणाला पुरवता येते, आणि कोल्हापूरला हे सांगायला परदेशी अभ्यास लागत नाहीत. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगांची रांग उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. बोर्डिंग म्हणजे खोली आणि जेवण, एवढाच हिशोब धरला तर त्याची खरी किंमत कळत नाही. खेड्यातल्या बापाला 'पोरगं हाताखालून गेलं आणि वर खर्चही करायचा' यातला निम्मा प्रश्न तिथं सुटायचा. कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी कोल्हापुरात शिकताना हे काम जवळून पाहिलं, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं 'कमवा आणि शिका'मधून उरलेल्या निम्म्या प्रश्नालाही हात घातला. बोर्डिंगं जातवार होती, ही त्यांची मर्यादा. पण निरनिराळ्या गावची आणि निरनिराळ्या ऐपतीची मुलं तिथं एका पंगतीला बसली, त्यातून ओळखी झाल्या. या ओळखींचं वजन चेट्टींच्याच २०२२ च्या अभ्यासानं मोजलं आहे: गरीब घरच्या मुलांची मैत्री बऱ्या घरच्यांशी जिथं जास्त, तिथं ती मोठेपणी जास्त कमावतात, आणि वर सरकण्याशी इतका जवळचा संबंध इतर फारच थोड्या गोष्टींचा आढळला. उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणाला कुठं 'लावून घेतलं' जातं हे पाहिलेल्याला यात नवं काही नाही.

आता तुमची लेक. आठवीत आहे म्हणजे याच वर्षी एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा आहे. सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना थोडी सवलत आहे), घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये थेट खात्यात येतात. बुद्धिमत्ता चाचणीचा भाग शाळेच्या अभ्यासात नसतो, त्याचा सराव वेगळा करावा लागतो. तिच्या शाळेतले कुणी गुरुजी घेत असतील तर शनिवार-रविवारी घरकामातून तिला मोकळी ठेवा. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, तेव्हा अकरावीला तालुक्याच्या किंवा कोल्हापूरच्या चांगल्या कॉलेजात जाणं प्रवासखर्चावर अडू नये. पुढं, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून शासन पूर्ण भरतं. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. उरतो तो मेसचा आणि खोलीचा खर्च, आणि तेवढ्यावरून मुली अडतात.

इंग्लिश मिडियमबद्दल थोडक्यात. इंग्रजीला बाजारात किंमत आहे हे खरं. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या भारतीय पुरुषांची तासाची कमाई इतर बाबतींत सारख्या असणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त निघाली. पण अस्खलित बोलणं आणि पाटीवर इंग्लिश मिडियम लिहिलेल्या शाळेची फी भरणं यांत फार अंतर आहे. शिवाय खासगी विनाअनुदानित शाळेत गेलं की एनएमएमएससारखी दारं बंद होतात. मुलगा दीड वर्षाचा आहे, हा निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. लेकीचं इंग्रजी मात्र आत्ता सुधारता येईल, आणि उद्या धाकट्याचा अभ्यास घेणारी तीच असणार.

दीड लाखाचं मी असं करीन. ५० हजार घरच्या अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा, ते तुमच्या दोघांच्या सहीशिवाय निघू नयेत. ८० हजार लेकीच्या नावानं बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेवीत, तीही अशा बेतानं की मुदत तिच्या दहावीनंतरच्या जूनमध्ये आणि बारावीनंतरच्या जूनमध्ये संपेल. ते पैसे तिच्या खोली-मेससाठी, लागलं तर एका जास्तीच्या वर्षासाठी. लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे वेगळे समजा आणि यात मिसळू नका. उरलेल्या २० हजारांत मुलाचं पुढच्या दीड वर्षाचं अंडं-फळ सहज निघतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागेल, त्याला वेळ जातो, तेव्हा परीक्षेचा फॉर्म सुटायच्या आधीच सेतूत अर्ज टाका. आणि लेकीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, तिचं नाव शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासबुकावर अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते पाहून घ्या. निवड होऊनही पैसे न आलेल्या मुलींच्या अर्जांत मला सगळ्यात जास्त वेळा हीच चूक सापडली.